फ्लोटिंग लायसन्स सर्व्हर: कामाच्या नोंदी

४ मार्च

काम नक्की काय आहे ते आधी लिहून ठेवतो, नाहीतर नंतर फाटे फुटत जातात. आपलं डिझाइन सॉफ्टवेअर आजवर एका मशीनला एक लायसन्स की (चावीसारखा कोड) असंच जात आलंय. आता मोठी गिऱ्हाइकं म्हणतायत की आम्ही शंभर मशीनवर टाकून ठेवू पण एका वेळी वीसच जण वापरणार, तर पैसे वीसचेच घ्या. मागणी रास्त आहे. म्हणजे त्यांच्या नेटवर्कवर एक लायसन्स सर्व्हर बसवायचा, प्रत्येक मशीनने अ‍ॅप उघडताना त्याच्याकडे सीट, म्हणजे वापरायची एक परवानगी, मागायची, शिल्लक असेल तर मिळेल, नसेल तर थांबा, काम झालं की परत द्या.

मीटिंगमध्ये "त्यात काय, सर्व्हर फक्त मोजणार" हे वाक्य बऱ्याच तोंडांनी ऐकलं. आकडा वाढवणं सोपं आहे हो, कमी कधी करायचा ते सांगा. येणारा सांगून येतो, जाणारा सांगून जाईलच असं नाही. अ‍ॅप क्रॅश झालं, लाइट गेली, लॅपटॉप मिटून बॅगेत टाकला, वायफाय तुटलं, सर्व्हरच्या बाजूने बघितलं तर हे सगळं एकसारखंच, पलीकडून काही येत नाही एवढंच त्याला कळतं. निम्म्याहून जास्त कोड याच प्रश्नावर जाणार असं आत्ताच दिसतंय.

५ मार्च

बाकीचे काय करतात ते वाचतोय. या धंद्यातलं जुनं खोड म्हणजे फ्लेक्सएलएम हे लायसन्स मोजणारं सॉफ्टवेअर, १९८८ चं, आता फ्लेक्सनेट म्हणतात, मालक बदलत गेले पण रचना साधारण तीच राहिली. सर्व्हरवर दोन प्रोसेस चालतात, एक एलएमजीआरडी जी फक्त येणाऱ्याला वाट दाखवते आणि दुसरी त्या त्या सॉफ्टवेअर कंपनीची व्हेंडर डेमन (मागे चालत राहणारा प्रोग्राम) जी खरं मोजते. क्लायंट आधी २७००० ते २७००९ मधल्या एखाद्या पोर्टवर (नेटवर्कवरचा क्रमांकाचा दरवाजा) एलएमजीआरडीला विचारतो, ती व्हेंडर डेमनचा पोर्ट सांगते, मग क्लायंट तिकडे जातो. आता हा दुसरा पोर्ट फाइलमध्ये नेमून दिला नसेल तर सर्व्हर रीस्टार्ट झाला की बदलू शकतो, आणि मग फायरवॉलवाला कपाळाला हात लावून बसतो कारण पहिला पोर्ट उघडा आहे, कनेक्शन लागतंय, तरी लायसन्स काही मिळत नाही. आपल्याकडे एकच पोर्ट असणार, हे आजच ठरलं.

त्यांची लायसन्स फाइल मात्र मला आवडली. साधी टेक्स्ट फाइल, नोटपॅडमध्ये उघडते. सर्व्हरच्या ओळीत नाव, होस्ट आयडी (मशीनची ओळख), पोर्ट, खाली फीचरच्या ओळी, त्यात व्हर्जन, मुदत, सीट किती आणि डिजिटल सही. नाव आणि पोर्ट गिऱ्हाइकाने स्वतः बदलले तरी चालतात, पण होस्ट आयडी किंवा सीटचा आकडा बदलला की सही जुळत नाही आणि ती ओळ बाद. लपवालपवी काही नाही. आपण काय विकत घेतलंय ते अ‍ॅडमिनला डोळ्यांनी वाचता येतं, एन्क्रिप्ट केलेल्या गोळ्यापेक्षा हे कधीही बरं. हेच उचलायचं.

७ मार्च

टीममधून सूचना आली की सर्व्हर हवाच कशाला, मशीनांनीच एकमेकांना विचारावं, लॅनवर ओरडायचं की ही की कोण वापरतंय, आणि दुसरीकडून "मी" असं आलं की अ‍ॅपने उघडायला नकार द्यायचा.

हे करून झालंय लोकांचं. मॅकवरचं जुनं ऑफिस असंच यूडीपी पोर्ट २२२२ वर आपला प्रॉडक्ट आयडी जाहीर करत बसायचं. आणि फेब्रुवारी २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टला ऑफिस एक्ससाठी सिक्युरिटी पॅच काढावा लागला, कारण त्या आयडी तपासणाऱ्या तुकड्याला वेडंवाकडं पॅकेट पाठवलं की तो स्वतः तर कोसळायचाच पण चालू असलेलं ऑफिसचं अ‍ॅपही घेऊन जायचा, न सेव्ह केलेलं काम गेलं ते गेलंच. लायसन्स तपासायला म्हणून प्रत्येक मशीनवर एक ऐकणारा पोर्ट उघडा ठेवला आणि तोच भोक ठरला. आपल्या क्लायंटवर कुठलाही पोर्ट ऐकता राहणार नाही, क्लायंट फक्त बाहेर बोलणार.

शिवाय ब्रॉडकास्ट, म्हणजे हे सगळ्यांना ओरडून विचारणं, राउटरच्या पलीकडे जात नाही. दोन मजले दोन सबनेटवर (नेटवर्कच्या वेगळ्या तुकड्यांवर) असले की दोन्हीकडे तीच की गुण्यागोविंदाने चालते, आणि घरून व्हीपीएनवर येणारे तर हिशेबातच नाहीत. सेंटिनेलच्या नेटवर्क डोंगलवाले (डोंगल म्हणजे लायसन्सची यूएसबी चावी) १९४७ पोर्टवर ब्रॉडकास्ट करतात पण तो सर्व्हर सापडावा म्हणून, आणि नाही सापडला तर पत्ता हाताने टाकता येतो. शोधायला ब्रॉडकास्ट ठीक आहे, मोजायला नाही.

११ मार्च

आज कोड शून्य, नुसती चर्चा. प्रश्न असा की "एक सीट" म्हणजे काय. एका माणसाने एकाच मशीनवर अ‍ॅपच्या दोन विंडो उघडल्या तर एक का दोन? तोच माणूस रिमोट डेस्कटॉपने दुसऱ्या मशीनवर पण लॉगिन आहे, मग? एकाच मोठ्या सर्व्हरवर दहा जण रिमोटने बसलेत, मशीन एक, माणसं दहा, तिथे मशीन मोजलं तर आपण बुडालो.

फ्लेक्सनेटमध्ये याला वेगळी सोय आहे, युजर, होस्ट, डिस्प्ले यातलं काय काय सारखं असलं की एकच धरायचं ते विकणारा लायसन्समध्येच लिहून देतो. आपण एवढे पर्याय देणार नाही. युजर अधिक मशीन अधिक लॉगिन सेशन, तिन्ही सारखं तर एक सीट, विंडो कितीही उघडा. सेल्सला हे आवडलं नाही, त्यांना विंडोमागे एक हवं होतं, पण दुसरी फाइल शेजारी उघडून बघणाऱ्याकडून दुसऱ्या सीटचे पैसे मागायचे म्हणजे अतीच होतं. करारातली भाषा आणि कोडमधली मोजणी एकच पाहिजे, नाहीतर उद्या भांडण झालं तर आपलाच कागद आपल्या विरुद्ध जाईल. करार लिहिणाऱ्यांना हे तीन शब्द पाठवलेत.

१२ मार्च

टीसीपी कनेक्शन उघडं ठेवायचं आणि तुटलं की सीट मोकळी करायची, ही पहिली कल्पना. कागदावर छान आहे. पण समोरच्याची वीज गेली तर कनेक्शन तुटल्याचं सर्व्हरला कोण सांगणार? लिनक्समध्ये कीपअलाइव्ह (पलीकडचा जिवंत आहे का ही चौकशी) चालू केला तरी डिफॉल्टने पहिली चौकशी ७२०० सेकंदांनी होते, मग ७५ सेकंदांच्या अंतराने ९ वेळा विचारून मग कुठे कनेक्शन मेलं असं ठरतं, म्हणजे दोन तासांच्या वर. तोपर्यंत सीट अडकून. आणि उलटं पण, स्विच दोन मिनिटं हलला की जिवंत माणसाचं कनेक्शन तुटणार आणि त्याची सीट दुसऱ्याला जाणार.

त्यामुळे लीज. सीट कायमची द्यायचीच नाही, दहा मिनिटांसाठी द्यायची, क्लायंट दर तीन मिनिटांनी हार्टबीट (मी आहे असा छोटा निरोप) पाठवून ती पुढे ढकलत राहणार. दोन हार्टबीट हरवले तरी चालतात, तिसराही गेला की सीट आपोआप मोकळी, कोणाला काही कळवायची गरज नाही. ग्रे आणि चेरिटन यांनी १९८९ मध्ये फाइल कॅशसाठी हा विचार मांडला होता, तो इथे जसाच्या तसा बसतो.

एक बारीक पण महत्त्वाचं: क्लायंटने आपली दहा मिनिटं विनंती पाठवली त्या क्षणापासून मोजायची, आणि सर्व्हरने ती विनंती हातात पडली तेव्हापासून. नेटवर्कला लागलेला वेळ दोघांच्या मधे जातो, त्यामुळे क्लायंटच्या हिशेबाने लीज नेहमी आधी संपते आणि सर्व्हरच्या हिशेबाने नंतर. एकच सीट दोघांकडे असण्याचा काळ राहत नाही. दोन्ही घड्याळं सारखी लावलेली असायचीही गरज नाही, फक्त दोन्ही साधारण सारख्या वेगाने चालली पाहिजेत.

१४ मार्च

केबल उपटून, प्रोसेस मारून, स्विच बंद करून झालं. सीट वेळेत सुटतायत. अ‍ॅप नीट बंद केलं तर लगेच, नाहीतर दहा मिनिटांत. जागेवर रुमाल टाकून गायब होणाऱ्यांचा बंदोबस्त झाला, निदान टेबलावरच्या मशीनपुरता.

१८ मार्च

लॅपटॉप. आजचा दिवस त्यातच गेला पण गेला ते बरं झालं.

पाच सीटचं टेस्ट लायसन्स, पाचही दिलेल्या. त्यातला एक लिनक्स लॅपटॉप. ११:०२ ला त्याचा हार्टबीट आला, ११:०३ ला टेस्टरने झाकण मिटलं. ११:१२ ला सर्व्हरच्या लॉगमध्ये ओळ आली, लीज संपली, सीट परत घेतली. बरोबर. ११:१५ ला सहाव्या मशीनने सीट मागितली, मिळाली. तेही बरोबर. ११:४० ला टेस्टरने झाकण उघडलं आणि अ‍ॅप जसं होतं तसं समोर, माउस हलवला, रेघ मारली, सगळं चालू. लॅपटॉपच्या डिबग विंडोत दिसत होतं "लीज शिल्लक ९ मिनिटं". तो झोपला तेव्हा जेवढं शिल्लक होतं तेवढंच. ११:४२ ला पुढचा हार्टबीट गेला आणि सर्व्हरने नाही म्हटलं तेव्हा कुठे कळलं. दोन मिनिटं पाच सीटवर सहा जण, आणि जाग आल्यावर वायफाय लागलंच नसतं तर नऊ मिनिटं.

कारण घड्याळ. लीज मोजायला मुद्दामच भिंतीवरचं घड्याळ वापरलेलं नाही, ते कोणीही मागे करू शकतो, म्हणून क्लॉक मोनोटॉनिक, जे फक्त पुढेच जातं. पण लिनक्सवर मशीन झोपलं की ते पण झोपतं. त्याचा भाऊ आहे क्लॉक बूटटाइम, तो झोपेतला वेळही धरतो. विंडोजवर गेटटिककाउंट६४ झोप धरतं, मॅकवर माक अ‍ॅब्सोल्यूट टाइम धरत नाही आणि माक कंटिन्युअस टाइम धरतं. तीन प्लॅटफॉर्म, तीन नावं, आणि ज्याचं नाव पहिलं सुचतं ते दोन ठिकाणी चुकीचं.

१९ मार्च

घड्याळं बदलली. शिवाय जाग आल्या आल्या अ‍ॅप आधी लीज बघतं, संपली असेल तर सर्व्हरला विचारतं, मग पुढचं.

आता सीट गेलीय आणि समोर अर्धवट ड्रॉइंग उघडं आहे अशा माणसाचं काय करायचं? एक मत होतं की मेसेज दाखवून अ‍ॅप बंद करा. यावर मी अडून बसलो. त्या माणसाने काही गुन्हा केलेला नाही, झाकण मिटलं एवढंच. नवीन काही काढता येणार नाही, पण बघता येईल, आणि सेव्ह कायम चालणार. लायसन्स संपलंय म्हणून कोणाचं काम गेलं असं आपल्या सॉफ्टवेअरबद्दल एकदा पसरलं की मग वीस काय आणि शंभर काय, सीट विकायलाच कोणी राहणार नाही. मान्य झालं, स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलं.

२१ मार्च

सर्व्हर स्वतःच रीस्टार्ट झाला तर? सगळ्या लीज मेमरीत होत्या, आता त्याला काहीच आठवत नाही, तो समजणार वीसच्या वीस मोकळ्या. एनएफएस या नेटवर्कवरून फाइल वापरायच्या पद्धतीच्या व्हर्जन चारमध्ये यासाठी ग्रेस, म्हणजे सवलतीचा काळ, असतो, लिनक्सवर डिफॉल्ट ९० सेकंद, तेवढ्या वेळात फक्त जुने लोक आपला हक्क सांगणार, नव्यांनी थांबायचं. आपली लीज दहा मिनिटांची, म्हणजे ग्रेस दहा मिनिटांचा, आणि सकाळी अपडेट टाकून सर्व्हर उठवला की अख्खं ऑफिस दहा मिनिटं खोळंबून. नको.

त्याऐवजी सीट दिली आणि परत आली एवढंच डिस्कवर लिहायचं, हार्टबीट लिहायचे नाहीत, नाहीतर डिस्क नुसती खडखडत बसेल. उठल्यावर यादी वाचायची आणि यादीतल्या प्रत्येकाला त्या क्षणापासून नवी कोरी दहा मिनिटं द्यायची. जो खरंच आहे तो हार्टबीट देईल, जो गेलाय त्याची सीट दहा मिनिटांनी सुटेल, आणि ज्या आधीच मोकळ्या होत्या त्या लगेच वाटता येतात.

२२ मार्च

कालचंच पुढे. सर्व्हर बंदच पडला, तासभर उठला नाही तर? फ्लेक्सनेटमध्ये तीन सर्व्हरची सोय आहे, तिघांपैकी दोन चालू असले की लायसन्स मिळत राहतं, एकच उरला की बंद. मोठ्यांसाठी ठीक, पण आपल्या गिऱ्हाइकांकडे एक सर्व्हर नीट सांभाळणारा माणूस मिळाला तरी पुष्कळ.

आपण असं करतोय: सर्व्हर "नाही" म्हणाला तर नाही. पण सर्व्हरकडून उत्तरच आलं नाही तर ज्याच्याकडे सीट आधीपासून होती त्याला लीज संपल्यावरही दोन तास काम करू द्यायचं. आता यात भोक आहे हे मला दिसतंय. वीस जणांनी सीट घ्यायच्या, त्यांचा सर्व्हरशी संपर्क तोडायचा, दहा मिनिटं थांबायचं, मग दुसऱ्या वीस जणांनी घ्यायच्या, झाले चाळीस. पण त्यासाठी कोणीतरी दर दोन तासांनी नेटवर्क तोडत आणि जोडत बसायला हवं, आणि ज्याला एवढा उद्योग परवडतो त्याला रोखण्यात माझा वेळ जाऊ नये. सर्व्हर पडला म्हणून वीस जण हातावर हात धरून बसले तर तो फोन मात्र दुसऱ्या मिनिटाला येतो. झाकण मिटलेल्या लॅपटॉपलाही हा नियम लागू आहे, वायफाय लागलं नाही तर दोन तास, झोपेतले धरून. चालेल.

२६ मार्च

सर्व्हर कोणत्या मशीनवर चालतोय ते लायसन्सला बांधायचं आहे, नाहीतर तीच फाइल दहा सर्व्हरवर टाकतील. परंपरेने नेटवर्क कार्डाचा पत्ता, मॅक अ‍ॅड्रेस. जुन्या काळी कार्ड मशीनमध्ये स्क्रूने बसवलेलं असायचं तेव्हा ठीक होतं, आता डॉकिंग स्टेशन काढलं की पत्ता गेला, वायफाय तर दर नेटवर्कला नवा पत्ता धारण करतं. निदान तो बनावट आहे हे ओळखता येतं, पहिल्या बाइटमधला खालून दुसरा बिट १ असतो, म्हणजे दुसरा हेक्स आकडा २, ६, ए किंवा ई. असे पत्ते आपण धरायचेच नाहीत.

विंडोजचा मशीन जीयूआयडी, लिनक्सचा मशीन आयडी, दोन्ही इन्स्टॉल करताना तयार होतात, त्यामुळे एका इमेजवरून (तयार डिस्कच्या नकलेवरून) नीट साफ न करता पन्नास मशीन बनवली की पन्नासांचा आयडी एकच. बायोसमधला (बोर्डावरच्या मूळ प्रोग्राममधला) यूयूआयडी हा ओळख क्रमांक बरा, पण काही स्वस्त बोर्डांवर तो भरलेलाच नसतो, सगळे एफ किंवा सगळीकडे छापलेला तोच एक आकडा. म्हणून एकावर विसंबायचं नाही. पाच गोष्टी घ्यायच्या, पाचातल्या तीन जुळल्या की तेच मशीन. नेटवर्क कार्ड बदललं म्हणून नवीन लायसन्स मागत बसायला लागू नये.

आणि हे फक्त सर्व्हरसाठी. क्लायंट मशीनला कशालाही बांधायचं नाही, फ्लोटिंगचा अर्थच तो.

२८ मार्च

सह्या. कंपनीची मुख्य प्रायव्हेट की (सही करायची गुप्त चावी) नेटवर्कला न जोडलेल्या मशीनवर राहणार, तिची पब्लिक की (सही तपासायची उघडी चावी) क्लायंटच्या आत. ईडी२५५१९ ही सहीची पद्धत घेतली, पब्लिक की ३२ बाइट, सही ६४ बाइट, टेक्स्ट फाइलच्या एका ओळीत आरामात बसते. गिऱ्हाइकाचा सर्व्हर पहिल्यांदा उठताना स्वतःची की जोडी बनवतो, त्यातली पब्लिक की आपल्याकडे पाठवतो, आपण ती लायसन्स फाइलमध्ये घालून सही करतो. क्लायंट सीट मागताना एक रँडम आकडा पाठवतो आणि सर्व्हरने त्याच आकड्यासकट सही करून उत्तर द्यायचं. त्यामुळे कोणीतरी नेटवर्कवर "हो हो, मिळाली सीट" म्हणणारा बनावट सर्व्हर उभा केला किंवा कालचं खरं उत्तर आज पुन्हा ऐकवलं तर चालत नाही.

चालतं काय, तर अख्खा सर्व्हर व्हर्च्युअल मशीनसकट (सॉफ्टवेअरने बनवलेल्या मशीनसकट) कॉपी करणं. कॉपीत की पण आली, यूयूआयडी पण आला, मॅक अ‍ॅड्रेस पण. दुसऱ्या नेटवर्कवर ठेवली की दोघंही वीस वीस सीट वाटतायत आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही. बंद नेटवर्कमध्ये याला सॉफ्टवेअरने उत्तर नाही, यूएसबी डोंगल लावा किंवा विश्वास ठेवा. इंटरनेट असेल तर थोडं करता येतं: सर्व्हर महिन्यातून एकदा आपल्याशी बोलतो, जाताना आपण त्याला एक नवीन टोकन देतो, पुढच्या वेळी तेच घेऊन यायचं. दोन कॉप्या असल्या तर एक जण नवं टोकन घेऊन जातो आणि दुसरा जुनंच घेऊन येतो, पकडला. पण बॅकअपवरून रिस्टोअर केलेला प्रामाणिक सर्व्हर पण जुनंच टोकन घेऊन येतो! म्हणून पहिल्यांदा जुळलं नाही तर नुसती नोंद, बंद काही करायचं नाही, वारंवार व्हायला लागलं तर माणसाने फोन करायचा.

आणि क्लायंटची फाइलच पॅच केली, तपासणीतला "इफ" उलटा केला, तर या सगळ्याचा उपयोग नाही. तो कोड त्यांच्या मशीनवर चालतो, त्यावर आपला ताबा नाही. हे मॅनेजरला स्वच्छ सांगितलं. आपण बनवतोय ते प्रामाणिक ऑफिसला आपला आकडा पाळायला सोपं जावं म्हणून, तिजोरी नव्हे.

१ एप्रिल

मायक्रोसॉफ्टचं केएमएस (संस्थांमधली विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करायची सोय) वाचलं, आणि हे तर भलतंच निघालं. १६८८ पोर्टवर सर्व्हर, क्लायंट डीएनएसमधल्या एसआरव्ही रेकॉर्डवरून (नेटवर्कवरच्या पत्त्यांच्या नोंदीवरून) त्याला शोधतात, अ‍ॅक्टिव्हेशन १८० दिवस टिकतं, दर ७ दिवसांनी पुढे ढकलतात, नाही जमलं तर दर २ तासांनी पुन्हा प्रयत्न. म्हणजे लीजच, फक्त आपल्या दहा मिनिटांऐवजी सहा महिने. पण तो जास्तीत जास्त मोजतच नाही, कमीत कमी मोजतो! विंडोज क्लायंट २५ झाल्याशिवाय कोणालाच अ‍ॅक्टिव्हेट करत नाही, विंडोज सर्व्हरसाठी ५. पंचविसाच्या वर शंभर आले काय, हजार आले काय, तो नाही म्हणत नाही. वरची मर्यादा कराराने आणि ऑडिटने पाळायची, सर्व्हरने फक्त ही खरंच मोठी संस्था आहे एवढंच बघायचं. आणि तिथेही क्लोनचं दुखणं आहेच, एकाच इमेजवरून साफ न करता बनवलेल्या मशीनांचा क्लायंट आयडी एकच, मग चाळीस मशीन लावली तरी काउंट १ वरून हलत नाही.

आपल्याला याचा थेट उपयोग नाही. पण एकाच नेटवर्कवर एकाच कामासाठी कोणी दहा मिनिटं धरतो आणि कोणी १८० दिवस, यावरून कळतं की लीजची लांबी हा धंद्याचा निर्णय आहे. छोटी ठेवली की आकडा काटेकोर आणि नेटवर्क डळमळलं की बोंब, लांब ठेवली की सगळे सुखी पण गेलेल्या माणसाची सीट अडकून. म्हणून आपली पण लायसन्स फाइलमध्ये टाकली, सहीच्या आत. ५ मिनिटं ते २४ तास, विकताना ठरवा.

३ एप्रिल

ऑफलाइन नेणे. साइटवर जाणाऱ्याला नेटवर्क नसतं, त्याला सीट उसनी हवी. फ्लेक्सनेटमध्ये विकणाऱ्याने वेगळी मुदत दिली नाही तर डिफॉल्ट १६८ तास, म्हणजे आठवडा. ही नुसती लांब लीज, फक्त हार्टबीटशिवाय आणि त्या एका मशीनला बांधलेली, दुसरं काही नाही. कोड जवळपास तोच निघाला, याचा आनंद झाला.

त्रास एकच, लॅपटॉप हरवला किंवा फॉरमॅट झाला तर सीट आठवडाभर गेली. अ‍ॅडमिनला जबरदस्तीने परत घ्यायचं बटण द्यायचं का? दिलं तर उसनी द्यायची, परत घ्यायची, लॅपटॉपवर तर चालूच, पुन्हा पुढच्याला द्यायची. नाही देत. त्याऐवजी एकूण सीटच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त उसन्या जाणार नाहीत आणि मुदत डिफॉल्ट तीन दिवस, लवकर आलात तर स्वतः परत करा.

८ एप्रिल

सकाळी अ‍ॅप उघडून ठेवायचं आणि दिवसभर दुसरंच काम करायचं, अशांची सीट सोडवायची. फ्लेक्सनेटमध्ये टाइमआउट असतो, साधारण १५ मिनिटांच्या खाली जाऊ देत नाहीत. आपण ४५ ठेवतोय. पण निष्क्रिय कोणाला म्हणायचं? माउस हलला नाही म्हणजे निष्क्रिय असं धरलं तर जो तीन तासांचं कॅल्क्युलेशन लावून बसलाय त्याचीच सीट जाईल, आणि खरा वापर तर तोच करतोय. म्हणून कॅल्क्युलेशन, एक्सपोर्ट, प्रिंट यातलं काही चालू असेल तर घड्याळ थांबलेलं. सीट काढली तरी माउस हलवल्यावर मोकळी असेल तर गुपचूप परत मिळते, बहुतेकांना कळणारही नाही.

रांगेचं पण केलं. रांगेत पहिला असलेला माणूस कंटाळून उठून गेला आणि सीट त्यालाच मिळाली तर पुन्हा तीच रड, म्हणून दोन मिनिटं सीट त्याच्यासाठी बाजूला, त्याने "घे" दाबलं नाही तर पुढच्याला.

१५ एप्रिल

एका गिऱ्हाइकाकडे पायलट सुरू. इन्स्टॉल लगेच झालं, फायरवॉलला एकच पोर्ट सांगितला त्यामुळे त्यांच्या नेटवर्कवाल्याने प्रश्नसुद्धा विचारला नाही.

अ‍ॅडमिनला लागलेली गोष्ट मात्र आपण शेवटी ठेवलेली होती: आत्ता सीट कोणाकडे आहेत ते दाखवणारी स्क्रीन. युजर, मशीन, केव्हापासून, शेवटचा हार्टबीट केव्हा. सीट संपल्या की तो यादी बघतो आणि सरळ जाऊन त्या माणसाला सांगतो, बंद कर रे. हे आमच्या रांगेपेक्षा फास्ट आहे.

त्याची दुसरी मागणी: दोन सीट एका ठराविक ग्रुपसाठी राखीव. देता येतील, पण सर्व्हरवरच्या सेटिंगमध्ये, लायसन्स फाइलमध्ये नाही, कारण किती सीट ते आपण ठरवणार आणि कोणाला द्यायच्या ते त्याने. त्याला हेही सांगितलं की राखीव सीट रिकामी पडली तरी बाकीच्यांसाठी ती नाहीच, मग दोन दिवसांनी "मोकळ्या दिसतायत तरी मिळत नाहीत" असा फोन नको.

१८ एप्रिल

पायलटचे लॉग आले. वापराच्या आकड्यापेक्षा नकाराच्या ओळी जास्त कामाच्या आहेत. वापर वीसला टेकलेला दिसतो एवढ्यावरून काहीच कळत नाही, वीसच लोक होते की आणखी सात दारात उभे होते? नकार आठवड्यातून दोनच दिवस, दुपारच्या आधी, आणि बहुतेक दहा-बारा मिनिटांत सुटलेले. सेल्सवाले म्हणाले आणखी पाच विकूया. मी म्हटलं आधी ओव्हरड्राफ्ट द्या, म्हणजे वीसच्या वर दोनपर्यंत जाऊ द्यायचं पण प्रत्येक वेळची नोंद ठेवायची आणि ती अ‍ॅडमिनला दाखवायची. आपल्या मोजणीवर त्याचा विश्वास बसला की तो स्वतःच मागेल, आणि बसला नाही तर पाच काय, वीसचंही रिन्यूअल अवघड आहे. अजून ठरलं नाही, सोमवारी पुन्हा बसायचंय.

राहिलेलं: मॅकवर झोपेची टेस्ट पुन्हा, खऱ्या लॅपटॉपवर, व्हर्च्युअलवर नाही. रिमोट डेस्कटॉपमधल्या सेशनचा आयडी रीकनेक्ट झाल्यावर बदलतोय का ते बघायचं, बदलत असेल तर एकाच माणसाच्या दोन सीट मोजल्या जातील. आणि लॉगमध्ये युजरची नावं किती दिवस ठेवायची ते ठरवायचं, सध्या नव्वद टाकलेत पण कोणीच विचार करून टाकलेले नाहीत.